सोंगातला देव



आदिलाबादच्या इंद्रवेल्ली मंडळातल्या केसलापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळातले गोंड पायी जाऊन गोदावरीचं पाणी आणतात आणि त्या पाण्याने नागदेवाची पूजा होते. ‘गुड ओमेन्स’ या विनोदी इंग्रजी मालिकेत मात्र साप आहे सैतानाच्या बाजूचा. बायबलातल्या हव्वेला फळ खायला लावणारा साप तो हाच. त्याचं नाव क्राउली.

टेरी प्रॅचेट आणि नील गेमन यांच्या १९९०च्या कादंबरीवरून ही मालिका २०१९ साली आली. सुरुवातीलाच एदेन बागेच्या तटावर क्राउली आणि अझिराफेल नावाचा देवदूत बोलत उभे आहेत. बाहेर थंडी, श्वापदं, आणि हव्वेला दिवस गेलेले. म्हणून देवदूताने आपली जळती तलवार आदम-हव्वेला देऊन टाकली आहे, आणि आता तो धास्तावला आहे. चांगलं कोणी केलं, वाईट कोणी, हा प्रश्न क्राउली तिथेच हसतहसत काढतो. दुसऱ्या पर्वात तर बायबलातल्याच ईयोबाची मुलं मारायला स्वर्गाचीच परवानगी मिळते. सैतानाचा हस्तक क्राउली त्यांना मारत नाही आणि त्यांच्यासाठी देवदूत खोटं बोलतो!

हेच गंभीर चेहऱ्याने सांगितलं असतं, तर श्रद्धाळू माणूस दुखावला असता. हसवलं, म्हणून तो ऐकून घेतो.

आदिलाबादच्या राजगोंडांना हे नवं नाही. दिवाळीच्या दिवसांत दंडारी ही नाचणाऱ्यांची टोळी निघते, तेव्हा तिच्यात गुसाडी नर्तक येतात. डोक्यावर मोरपिसांचा भला थोरला टोप, अंगाला राख, खांद्यावर कातडं, हातात काठी. पोरं घाबरून पळतात, मोठी माणसं हसतात. गुसाडी थट्टा करतो, वेडेवाकडे चाळे करतो, आणि तरीही त्याच्या अंगी देव आहे असं मानून गाव त्याचा मान राखतं. भीती, हसू आणि भक्ती एकाच अंगणात! मालिकेतला देवदूत आपला खरेपणा वरिष्ठांपासून लपवतो. गुसाडीला काहीच लपवावं लागत नाही. इथे गोंडांची कल्पना अधिक मोकळी आणि अधिक धीट आहे.

मार्लवाईच्या कनकराजूंनी ही गुसाडी नृत्याची कला आयुष्यभर शिकवली. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये ते गेले. येत्या दिवाळीत तुमच्या गावात दंडारी आली, तर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून परतू नका. मुलांना घेऊन बसा, आणि गुसाडी कोण, हे गावातल्या वडीलधाऱ्यांनाच विचारा.