स्किमर बंद करू नका, बुडबुड्यांना वर येऊ द्या



डाळ शिजायला ठेवली की वर फेस धरतो. डाळीतलं थोडं प्रथिन बुडबुड्यांना चिकटून वर येतं आणि आपण ते पळीने काढून टाकतो. खाऱ्या पाण्याच्या फिशटँकमधला प्रोटीन स्किमर हेच करतो. त्याचा पंप हवा आणि पाणी घुसळून बारीक बुडबुडे करतो. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांमुळे पाण्यात आलेला मळ त्यांना चिकटतो आणि तपकिरी फेस होऊन वरच्या कपात साठतो.

आम्ही गटातल्या बायका क्लाउनफिश वाढवतो. नव्याने टाकी लावणाऱ्या मैत्रिणी आम्हाला हमखास विचारतात, "पाणी दुधासारखं का दिसतंय?" स्किमरमधले काही बुडबुडे कपाकडे न जाता पाण्याबरोबर टाकीत परत येतात, म्हणून. मग पुष्कळ जणी स्किमरच बंद करतात. तसं करू नका. मळ पाण्यातच कुजतो, आणि स्किमरमुळे पाण्यात मिसळणारा प्राणवायूही कमी होतो.

आधी बुडबुडे येतात कुठून ते बघा. तासभर फक्त स्किमर बंद ठेवा. पाणी निवळलं, तर ते स्किमरचेच. तरीही येत राहिले, तर पाणी वर चढवणारा पंप हवा ओढतोय. खालच्या टाकीतली पातळी उतरली असेल किंवा नळीचा जोड सैल असेल. हे लगेच दुरुस्त करा. पंपाच्या दाबाखाली हवा पाण्यात प्रमाणाबाहेर विरघळली, तर माशांच्या डोळ्यांत आणि कल्ल्यांत वायूचे फुगे धरतात, आणि लहान पिल्लं दगावतात.

बुडबुडे स्किमरचे असतील, तर चार गोष्टी करा.

पहिली, धीर धरा. नवा स्किमर स्थिरावायला काही दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. रोज व्हॉल्व्ह फिरवत बसू नका. नवीन मीठ कालवलं, औषध घातलं किंवा हाताचं तेल-साबण पाण्यात गेलं, तरी फेस बिघडतो.

दुसरी, खोली सांभाळा. स्किमर किती पाण्यात उभा करायचा, ते त्याच्या माहितीपत्रकात असतं. तेवढी खूण काचेवर करा. उन्हाळ्यात पाणी आटतं, पण मीठ तिथेच राहतं. म्हणून रोज खुणेपर्यंत गोडं पाणीच घाला.

तिसरी, पाण्याची वाट लांब करा. गढूळ पाणी स्थिर ठेवलं की गाळ खाली बसतो. तसंच पाणी संथ झालं की बुडबुडे वर येतात. खालच्या टाकीत स्किमर आणि पंप यांच्यामध्ये तीन काचा सिलिकॉनने चिकटवा. पहिलीवरून, दुसरीखालून आणि तिसरीवरून पाणी जाऊ द्या. काचांमध्ये साधारण इंचभर फट ठेवा. जागा नसेल, तर बाहेर येणाऱ्या पाण्यासमोर स्पंज लावा. तो दोन-तीन दिवसांनी टाकीच्याच काढलेल्या पाण्यात पिळून घ्या, नाहीतर मळ तिथेच अडकून कुजेल.

चौथी, साफसफाई. हवेच्या नळीच्या तोंडाशी मीठ धरतं. ते कोमट पाण्याने काढा. पंपावर पांढरा थर बसला, तर पंप विनेगर मिसळलेल्या पाण्यात बुडवून ठेवा आणि मग स्वच्छ धुवा.

आणखी एक, जिवाशी गाठ असलेली गोष्ट. वर येऊन फुटणारे बुडबुडे खारे तुषार उडवतात. दिव्यावर, वायरवर, प्लगवर मिठाचे थर चढतात, आणि दमट हवेत त्यातून वीज उतरते. म्हणून बोर्ड टाकीपासून दूर ठेवा आणि वायर प्लगच्या खाली झोळासारखी लोंबू द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी बोर्डात न जाता खाली पडेल. मेन स्विच बंद करूनच पाण्यात हात घाला.

पाणी काचेसारखं स्वच्छ दिसावं, ही हौस खरी. पण मासे जगतात ते कपात जमणाऱ्या त्या तपकिरी, वासट फेसामुळे. कप भरला की ओता, धुवा, परत लावा.