बालवाडींतील पोरांचा स्वयंपाक
(पालकांच्या सभेंत झालेलें भाषण)



आठवड्यांतून एक दिवस बालवाडींतील मुलांनीं मिळून खाणें तयार करावें, असें बाईंनीं सुचविल्यापासून गांवांत कुजबूज चालली आहे. कोणी म्हणतो, "पोर शिकायला धाडलें, रांधायला नव्हे." कोणी म्हणतो, "मुलग्याच्या हातीं परात कशाला?" तिसरी शंका उघड कोणी बोलत नाहीं, पण ती पुष्कळांच्या मनांत आहे. "कोणाच्या हातचें कोण खाणार?" या तिन्हींचा आज रोखठोक विचार करूं.

विद्या म्हणजे पाटीवरचीं अक्षरेंच काय? सुताराचें पोर रंधा पाहून आणि कुंभाराचें पोर माती तुडवून शहाणें होतें, हें आपणांस दुसऱ्यानें सांगावयास नको. चार वर्षांचें मूल मूग भिजत घालतें, फडक्यांत बांधतें आणि मोड आलेले पाहतें, तेव्हां बीं कसें रुजतें हें त्याला कळतें. वाट्या मोजतां मोजतां गणित येतें. लिंबू पिळून, शेंगा सोलून, कोथिंबीर खुडून बोटांना जें वळण लागतें, तेंच पुढें लेखणी धरतें. मारिया मॉन्टेसरी बाईंनीं १९०७ सालीं रोम शहरांतील गरीब मजुरांच्या वस्तींत बालगृह काढलें. त्यांच्या पद्धतींत ताटें मांडणें आणि जेवण वाढणें हीं कामें लहानगींच करितात. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस खेड्यांतील मुलांसाठीं बालवाडीचें काम सुरू केलें. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या.

पोर भाजेल ही भीति रास्त आहे. म्हणून विस्तव आणि धारेची सुरी मोठ्यांच्याच हातीं राहील. मुलांनीं आधीं साबणानें हात धुवावे आणि मग कोशिंबीर कालवावी, गुळाचे लाडू वळावे. सबंध शेंगदाणे लहानग्यांच्या घशांत अडकतात, तेव्हां लाडवांत कूटच घालावें.

आतां मुलग्याची गोष्ट. लग्नाच्या मांडवांत कढई ढवळणारा आचारी पुरुष असतो. तेथें त्याची मर्दुमकी कमी होत नाहीं, मग घरच्या चुलीपाशींच कशी होते? दिवसभर खुरपून आलेली आई चूल फुंकते आणि धडधाकट मुलगा ताटाची वाट पाहत बसतो, ही खोड तिसऱ्या-चौथ्या वर्षींच मोडली पाहिजे.

शेवटची शंका सर्वांत जुनी. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. तेथें सर्व जातींचीं मुलें एकत्र राहिलीं आणि एका पंक्तीला जेवलीं. कोणाचें कांहीं बाटलें नाहीं. उलट शेतकऱ्यांचीं पोरें शिकून वर आलीं. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. तरीहि शाळेची खिचडी कोणी शिजविली हें विचारणारे लोक अजून आहेत. काकडी कोणी सोलली हें तीन वर्षांचें पोर विचारीत नाहीं. तें विचारावयास आपण घरीं शिकवितों.

तेव्हां मायबापहो, येत्या शनिवारीं प्रत्येक घरानें मूठभर मूग, एखादी काकडी, गुळाचा खडा, जें असेल तें पोराच्या हातीं द्यावें. नसेल त्यानें रिकाम्या हातीं पोर धाडावें. त्याचे दोन हात पुरेत. आणि संध्याकाळीं पोर घरीं आलें म्हणजे "कोणाशेजारीं बसलास?" असें विचारूं नका. "आज काय केलेंस?" एवढेंच विचारा.