उपचाराची वाट आणि विचलनाची नोंद



सत्तरी उलटलेली आजी न्हाणीघरात पाय घसरून पडते आणि तिचे खुब्याचे हाड मोडते. रुग्णालयात तिच्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ असे अनेक हात राबू लागतात. प्रत्येक जण आपल्या कामात निष्णात असतो. तरीही कधी रक्ताचा अहवाल वेळेवर येत नाही, तर कधी हृदयाच्या तपासणीसाठी शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. कामांचे दुवे जुळत नाहीत आणि त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेला शय्याव्रण, न्यूमोनिया व पायातील रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका दिवसागणिक वाढत जातो.

हे दुवे जुळविण्याचे साधन म्हणजे ‘क्लिनिकल पाथवे’, अर्थात उपचारमार्ग. मोठे प्रकल्प वेळेत पूर्ण व्हावेत म्हणून उद्योगक्षेत्रात १९५०च्या दशकात ‘क्रिटिकल पाथ’ ही पद्धत विकसित झाली. १९८०च्या दशकात बोस्टनच्या न्यू इंग्लंड मेडिकल सेंटरमध्ये कॅरन झँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती रुग्णसेवेत आणली. कोणत्या दिवशी कोणती तपासणी, कोणते औषध, कोणता व्यायाम आणि रुग्णाची अपेक्षित प्रगती किती, याचा शास्त्राधारित आराखडा सर्वांनी मिळून आधीच ठरवायचा, हे त्याचे स्वरूप.

परंतु त्याचे खरे मर्म विचलनाच्या नोंदीत आहे. ठरल्या वेळी शस्त्रक्रिया झाली नाही, तर तिचे कारण लिहिले गेले पाहिजे. रुग्णाची प्रकृतीच अनुकूल नसेल, तर वाट सोडणे हाच वैद्याचा धर्म ठरतो. शस्त्रक्रियागृह रिकामे नव्हते, असे कारण वारंवार आढळले, तर दोष व्यवस्थेत आहे आणि तो दूर करता येतो. नोंद, चिकित्सा, बदल आणि पुन्हा मोजमाप या अखंड चक्रालाच गुणवत्तेची सातत्यपूर्ण सुधारणा म्हणतात.

ब्रिटनने खुब्याच्या अस्थिभंगाची राष्ट्रीय नोंदवही २००७मध्ये सुरू केली. छत्तीस तासांच्या आत शस्त्रक्रिया व वृद्धरोगतज्ज्ञाची देखरेख यांसारखे निकष पाळणाऱ्या रुग्णालयांना २०१०पासून वाढीव मोबदला मिळू लागला. इंग्लंडमध्ये या रुग्णांचे तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण २००७मध्ये १०.९ टक्के होते. २०११मध्ये ते ८.५ टक्क्यांवर आले.

त्याच देशाने दुसरा धडाही दिला. मरणासन्न रुग्णांची अखेर सुसह्य व्हावी, या उदात्त हेतूने ‘लिव्हरपूल केअर पाथवे’ १९९०च्या दशकात तयार झाला. पुढे काही ठिकाणी त्याचे रूपांतर चौकटीत खुणा करण्याच्या उपचारात झाले आणि नातेवाइकांशी संवाद खुंटला. बॅरोनेस ज्युलिया न्यूबर्गर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३मध्ये तो मागे घेण्याची शिफारस केली व २०१४मध्ये तो बंद झाला.

तात्पर्य, आराखडा डोळसपणे वापरला तरच तारक ठरतो. कुटुंबीयांनीही ‘आज काय होणार होते आणि ते का झाले नाही?’ हे नम्रपणे, पण नि:संकोच विचारावे. ज्या रुग्णालयात या प्रश्नाचे लेखी उत्तर सापडते, तेथे एका आजीला झालेल्या विलंबातून दुसरीच्या वेळेवर होणाऱ्या उपचाराची सोय होते. सेवाभावाला शिस्तीची जोड मिळते ती अशी.