विज्ञानाचा दर्जा कोणासाठी?



विज्ञानशिक्षणाच्या दर्जाविषयी बोलणे निघाले की परीक्षा, गुण आणि पाठ्यपुस्तकाची जाडी यांकडेच लक्ष वळते. तो दर्जा किती मुलांच्या वाट्याला यावा, हा प्रश्न सहसा मागे राहतो. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण-आयोगाने तो पुढे आणला.

कोठारी हे मूळचे शिक्षक. १९०६ साली उदयपूरला जन्म, अलाहाबादला मेघनाद साहा यांच्या हाताखाली अध्ययन, पुढे केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत संशोधन आणि १९३४ पासून दिल्ली विद्यापीठात अध्यापन, असा त्यांचा प्रवास. साहांनी उष्णता या विषयावर श्रीवास्तव यांच्यासह पाठ्यपुस्तक लिहिले होते. अव्वल दर्जाच्या संशोधकाने पाठ्यपुस्तकासाठी वेळ काढणे कमीपणाचे नसते, हे शिष्याला गुरूच्या उदाहरणातूनच उमगले असावे. १९६१ ते १९७३ या काळात कोठारी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते.

१९६४ मध्ये भारत सरकारने शिक्षण-आयोग नेमला. त्यात कृषिशास्त्रज्ञ बी. पी. पाल आणि समुद्रवैज्ञानिक रॉजर रेव्हेल यांच्यासारखे वैज्ञानिक होते. सदस्य-सचिव म्हणून अहवालाचा मोठा भार वाहिला तो कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक यांनी. १९६६ च्या जूनमध्ये अहवाल सादर झाला. शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान आणि गणित हे विषय सर्व विद्यार्थ्यांना सक्तीचे असावेत, ही त्यातील एक प्रमुख शिफारस होती.

आज ही गोष्ट स्वाभाविक वाटते. तेव्हा ती तशी नव्हती. विज्ञान ही निवडक बुद्धिमान मुलांची वाट, आणि मुलींना गृहशास्त्र पुरे, अशी समजूत सुशिक्षित घरांतूनही होती. मुलामुलींच्या अभ्यासक्रमात भेद करू नये, हे हंसा मेहता समितीचे मत आयोगाने उचलून धरले. शेतकऱ्याच्या मुलीने गणित व विज्ञान शिकायचे की नाही, याचा निर्णय त्यामुळे तिच्या घरच्या मंडळींच्या मर्जीवर राहणार नव्हता.

शिफारस करून आयोग थांबला नाही. प्राथमिक शाळेच्या खालच्या वर्गांसाठी निदान एक विज्ञानकोपरा आणि वरच्या वर्गांसाठी व्याख्यान व प्रयोग दोन्हींना उपयोगी पडेल अशी खोली असावी, असे त्याने सुचविले. ग्रामीण भागात विज्ञानाची सांगड शेतीशी, तर शहरात उद्योगांशी घालावी, असेही म्हटले. एका बाबतीत मात्र तज्ज्ञाची दृष्टी वरचढ ठरली असे वाटते. ‘सामान्य विज्ञान’ ही पद्धत अयशस्वी ठरल्याचे सांगून आयोगाने वरच्या प्राथमिक वर्गांपासूनच भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र वेगवेगळे शिकविण्याचा आग्रह धरला. प्रत्येक शास्त्राला स्वतःची शिस्त असते, हे खरे. पण अकरा-बारा वर्षांच्या मुलाला पाण्याची वाफ होताना दिसते, तेव्हा ती कोणत्या शास्त्राची हे त्याला विचारावेसे वाटत नाही. पुढे हा निर्णय फिरला आणि त्या वर्गांत विज्ञान एकत्रित विषय म्हणून शिकविले जाऊ लागले.

सक्तीचे तत्त्व मात्र टिकले. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने विज्ञान व गणित शालेय शिक्षणाच्या अखेरीपर्यंत सामान्य शिक्षणाचे अविभाज्य भाग मानले. महाराष्ट्रात १९७५ मध्ये नव्या आकृतिबंधातील दहावीची पहिली परीक्षा झाली. श्रोत्यांपैकी काहींनी ती दिलीही असेल.

विज्ञानकोपऱ्याला भिंग, परीक्षानळ्या आणि कपाट लागते. ते मांडून दाखविणारा शिक्षक लागतो, आणि या सर्वांना पैसा लागतो. म्हणून १९८५-८६ पर्यंत शिक्षणावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्क्यांवर न्यावा, असा आयोगाचा हिशेब होता. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ६ टक्क्यांचाच आकडा गाठावयाचे उद्दिष्ट म्हणून पुन्हा लिहिलेला आहे.