सांगणारा कोण? : समाजमाध्यमे आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय आपल्या सर्वांच्या खिशात आहे. आरंभीच सांगून टाकतो की, मोबाईल फेकून द्या असा उपदेश करण्यासाठी मी उभा नाही. आपल्या कोकणात असंख्य घरांतील कर्ती माणसे कुवेत, दुबई, सौदीत नोकरीला आहेत. एके काळी त्यांच्या खुशालीच्या पत्राची आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागे. आज बाप तिकडे बसून मुलाचे प्रगतिपुस्तक पाहू शकतो. ही खुदाची मेहेरबानीच समजली पाहिजे. पण मुलाच्या हाती सायकल देताना आपण महिनाभर तिच्यामागे धावतो. मोबाईल मात्र वाढदिवसाला आणून दिला आणि आपण मोकळे झालो. तो कसा वापरावा हे त्याला कोणी शिकविले? आणि शिकविणाऱ्याला तरी ते ठाऊक आहे काय?

प्रथम अफवांविषयी बोलतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवा त्या सुमारास मोबाईलवरून गावोगाव फिरत होत्या. बाजाराच्या दिवशी पाच अनोळखी माणसे दिसली, संशय आला, आणि पाच निरपराध संसार उद्ध्वस्त झाले. ज्यांनी ते निरोप पुढे पाठविले, त्यांपैकी बहुतेकांच्या हाती काठी नव्हती. आपण खून करीत आहोत असे त्यांना स्वप्नातही वाटले नसेल. ‘लोकांना सावध करावे’ एवढाच त्यांचा हेतू असेल. परंतु हेतू चांगला असला म्हणून खोटी बातमी खरी होत नाही, आणि गेलेला जीव परत येत नाही.

मित्रहो, या बाबतीत आपल्यापाशी एक फार मोठा वारसा आहे, आणि नेमका त्याचाच आपल्याला विसर पडला आहे. कुरआन शरीफमधील सूरह अल्-हुजुरातच्या सहाव्या आयतीची शिकवण अशी की, बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी तिची शहानिशा करावी. नाहीतर अजाणतेपणी कोणाचे तरी नुकसान होऊन पुढे पश्चात्तापाची पाळी येईल. याच वृत्तीतून हदीसचे शास्त्र उभे राहिले. इमाम बुखारी (इ. स. ८१० ते ८७०) आणि त्यांच्यासारखे विद्वान एकेका हदीससाठी गावोगाव हिंडले. हे कोणी सांगितले? त्याने कोणाकडून ऐकले? त्या दोघांची भेट होणे तरी शक्य होते काय? सांगणारा सचोटीचा होता काय, त्याची स्मरणशक्ती कशी होती? सांगणाऱ्यांच्या या साखळीला ‘सनद’ म्हणतात. साखळीतील एक कडी कच्ची निघाली तरी ती हदीस ‘जईफ’, म्हणजे दुबळी ठरे. मजकूर कितीही गोड असो, सनद नाही तर भरवसा नाही.

आता आपल्या व्हॉट्सॲपकडे पाहा. ‘सर्व ग्रुपवर पाठवा’, ‘एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितले आहे’, ‘हा निरोप दाबून ठेवाल तर गुन्हेगार ठराल.’ याची सनद कोणती? डॉक्टर कोण, इस्पितळ कोणते, दिवस कोणता? काही नाही. बारा शतकांपूर्वी, छापखाना नसताना ज्यांनी एवढी काटेकोर पडताळणी केली, त्यांचे वारस म्हणविणारे आपण पाच सेकंदांत बोटाने निरोप पुढे ढकलतो. खुद्द कंपनीलाही याची भीती वाटली. तिने २०१८ साली भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० पासून वारंवार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असे केले. अशा निरोपावर दोन बाणांची खूण असते. ती दिसली की समजा, हा अनेकांच्या हातून फिरत आलेला आहे. तेथेच थांबा आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा. सांगणारा कोण? हे केव्हाचे आणि कोठले? हे पाठविल्याने कोणाचे भले होणार आहे? तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत तर निरोप आपल्यापाशीच मरू द्या. त्यात कोणाचेही नुकसान नाही.

दुसरी गोष्ट तरुण मित्रांसाठी, आणि ती मी तळमळीने सांगतो. जून २०२३ मध्ये कोल्हापूर शहरात काही मुलांनी ठेवलेल्या स्टेटसवरून तणाव पेटला. मोर्चे निघाले, दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावे लागले. स्टेटस ठेवणाऱ्यांत अल्पवयीन मुलेही होती. स्टेटस चोवीस तासांनी निघून जाते, पण तेवढ्या अवधीत कोणीतरी त्याचा फोटो काढून ठेवतो. दाखल झालेला गुन्हा चोवीस तासांत निघून जात नाही. पुढे पासपोर्ट काढताना पोलीस पडताळणी होते, नोकरीसाठी चारित्र्याचा दाखला लागतो, आणि तेव्हा ते कागद पुन्हा समोर येतात. शिवाय दगड ज्या दुकानावर पडतो, त्या दुकानदाराने स्टेटस ठेवलेले नसते. कोणी आपल्या श्रद्धेची टिंगल केली तर मन दुखावणारच. मग त्या मजकुराची प्रत जपून ठेवा, घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगा, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. रागाच्या भरात दिलेले उत्तर म्हणजे समोरच्याच्या हाती दिलेले कोलीत होय.

तिसरी गोष्ट माता-पित्यांसाठी. एखाद्या मुलीचा फोटो कोणी चोरला, खोटे खाते उघडले, धमकी दिली, तर आपल्या घरांत पहिली शिक्षा होते ती त्या मुलीलाच. तिचा फोन जातो, आणि पाठोपाठ शाळाही जाते. गुन्हा करणारा उजळ माथ्याने फिरतो आणि दहावीच्या उंबरठ्यावरची पोर चुलीपाशी बसते. हा कोठला न्याय? माझी आपणास हात जोडून विनंती आहे, मुलीची शाळा बंद करू नका. उलट आजच तिला जवळ बसवून सांगा, “बेटी, असे काही घडले तर पहिल्यांदा मला सांग, मी रागावणार नाही.” हा विश्वास असेल तर धमकी देणाऱ्याचे निम्मे बळ तेथेच संपते. उरलेल्यासाठी कायदा आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. घरातील प्रत्येक खात्याला दुहेरी सुरक्षा लावून घ्या आणि फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नका.

आता वेळेविषयी. पुस्तकाला शेवटचे पान असते, सिनेमाला ‘समाप्त’ची पाटी असते, रीलला शेवटच नाही. हे मुद्दाम केलेले आहे, कारण आपण जितका वेळ पाहू तितक्या जाहिराती दिसतात आणि तितकी कंपनीची कमाई होते. मुलाला दोष देण्यापूर्वी हा व्यवहार त्याला समजावून सांगा. नमाजला उभे राहताना आपण सर्वजण न सांगता फोन गप्प करतो. म्हणजे ते जमत नाही असे नाही. मग दस्तरखानावर आणि अभ्यासाच्या तासाला का जमू नये? रात्री सर्वांचे फोन एकाच ठिकाणी, दिवाणखान्यात चार्जिंगला राहू द्या. सर्वांचे म्हणजे अब्बांचाही! बाप रील पाहत असताना मुलाला ‘अभ्यास कर’ म्हणणे म्हणजे लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

आणि शेवटी, याच यंत्राचा चांगला उपयोग. ई-बालभारतीवर मराठी, उर्दू माध्यमांची पाठ्यपुस्तके विनामूल्य मिळतात. आठवीसाठी एनएमएमएस परीक्षा आहे. शासकीय, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांसाठी ती असते, आणि निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. ही माहिती मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाका. कोणाच्या घरी रक्ताची गरज आहे, कोणाची जुनी पुस्तके पडून आहेत, हे कळवा. दादी-नानीच्या बोलीतील गोष्टी आणि लग्नाची गाणी तिच्याच आवाजात भरून ठेवा. ती माणसे उद्या नसतील. ग्रुपच्या ॲडमिनने ही जबाबदारी वडीलकीची समजावी, आणि सनद नसलेला मजकूर आला की नम्रपणे विचारावे, “भाई, सांगणारा कोण?”

पालकहो, विद्यार्थी मित्रांनो, हा एक प्रश्न विचारण्याची सवय आपल्या मोहल्ल्याला लागली तरी या संमेलनाचे सार्थक झाले असे मी मानीन.