ध्वजवंदनाचा बँड

बहुतेक शहरांतल्या शाळांच्या बँडला प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन असे ध्वजवंदनाचे दिवस असतात. मराठवाड्यात, म्हणजे आपल्या छत्रपती संभाजीनगरातही, आणखी एक असतो, 17 सप्टेंबर. 1948 साली याच दिवशी, आपलं शहर ज्यात होतं ते हैदराबाद संस्थान निजामाच्या राजवटीतून मुक्त झालं. त्यामुळे पंधरा ऑगस्ट झाला तरी बँडच्या मुलांची सुटका नाही.

बँडमध्ये सगळ्यांना हवा असतो साइड ड्रम, कारण त्यावर हात भराभर चालवून दाखवता येतो. बास ड्रम, म्हणजे तो मोठा ढोल, सहसा उंच, दणकट मुलाच्या गळ्यात पडतो आणि तो आधी हिरमुसतो. खरं तर सगळं संचलन त्याच्याच हाती असतं. एनसीसीच्या कवायतीत तेज चाल मिनिटाला साधारण 120 पावलांची. ढोलाचा ठोका आणि डावा पाय एकाच वेळी पडायला हवेत. ढोल घाईत आला, की मागची अख्खी रांग धावायला लागते!

वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारी एखादी मुलगी इथे झांज वाजवते आणि कधी वाजवायची नाही हेही शिकते. माझ्या मते हे दुसरं जास्त अवघड. गुणपत्रिकेत त्याला रकाना नाही.

आता शिक्षण आणि संरक्षण मंत्रालयांची राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धाही होते. त्यात मुलींच्या बँडसाठी स्वतंत्र गट आहेत.