अंधाराची वाटणी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त संस्थेच्या आवारात झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण. वक्ते आपल्या संस्थेचे सभासद असून वीज वितरण क्षेत्रातून अभियंता म्हणून निवृत्त झाले आहेत.)



सचिवांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, ‘भारनियमन.’ ते म्हणाले, ‘अहो, एवढा आनंदाचा प्रसंग आणि तुम्ही अंधारावर बोलणार?’ पण आपल्या संस्थेनं पंचवीस वर्षांत जे चांगले निर्णय घेतले, त्यातला एक अंधारामुळेच घेतला गेला. तिथूनच सुरुवात करतो.

2005 चा उन्हाळा आठवा. पुण्यातही रोज ठरावीक वेळी लाईट जायची. जनरेटर घ्यायचा की नाही यावर आपली रविवारची सभा रात्री साडेअकरापर्यंत चालली होती. तळमजल्याचे सभासद म्हणत होते, ‘आम्ही लिफ्ट वापरत नाही, डिझेलचे पैसे आम्ही का भरायचे?’ चौथ्या मजल्याचे म्हणत होते, ‘वर पाणी चढलं नाही तर आम्ही काय करायचं?’ तेवढ्यात सी विंगमधल्या एक बाई उभ्या राहिल्या. एवढंच म्हणाल्या, ‘यांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. येताना जिना चढवत नाही.’ सभा गप्प झाली. मग अर्ध्या तासात ठराव झाला. पहिला मान पाण्याच्या पंपाला, खर्च सगळ्यांचा सारखा. दुसरा जिन्यातल्या दिव्यांना. लिफ्ट ठरलेल्या वेळीच चालेल, तिचा खर्च वरचे मजले देतील. मात्र डायलिसिसच्या दिवशी त्या गृहस्थांसाठी लिफ्ट केव्हाही चालेल, आणि तो खर्च सगळ्या संस्थेचा. वेळापत्रक नोटीस बोर्डावर लागलं आणि ते पाळलंही गेलं.

आता मी जे बोलणार आहे ते या ठरावाचंच मोठं रूप आहे. टंचाई असली की कुणाला तरी थांबावं लागतं. प्रश्न असतो तो, कुणी थांबायचं, हे ठरवताना कुणाला विचारलं, वेळ आधी सांगितली का, आणि ज्याला सूट मिळाली त्यानं काय दिलं.

आधी थोडं शास्त्र. वीज धान्यासारखी कोठारात भरून ठेवता येत नाही. ज्या क्षणी जेवढी लागते, त्या क्षणी तेवढीच तयार व्हावी लागते. आपल्याकडे वीजप्रवाहाची वारंवारता सेकंदाला 50 ठेवतात. मागणी वाढली आणि निर्मिती कमी पडली की हा आकडा घसरू लागतो. फार घसरला तर केंद्रं एकामागून एक बाहेर पडतात. सगळं जाळं कोसळलं तर काय होतं, ते 30 आणि 31 जुलै 2012 ला उत्तर आणि पूर्व भारतानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी सुमारे 60 कोटी लोकांची वीज गेली होती. ते होऊ नये म्हणून थोड्या भागाची वीज आपणहून बंद करायची, याला भारनियमन म्हणतात. म्हणजे भारनियमन हे पाप नाही, नाइलाज आहे. ते कुणाच्या माथी मारायचं, यात पाप होऊ शकतं.

आपल्या राज्यात हा नाइलाज मोठा झाला. दाभोळचा प्रकल्प 2001 साली बंद पडला, नवी केंद्रं वेळेवर उभी राहिली नाहीत, मागणी मात्र वाढत गेली. पुढच्या काही वर्षांत ऐन मागणीच्या वेळी चार-पाच हजार मेगावॉटचा तुटवडा असे. मग वाटणीचं एक सूत्र आलं. विजेची गळती किती आणि बिलांची वसुली किती, यावर भागांचे गट पाडले. गळती कमी, वसुली चांगली, त्यांना कमी तास. गळती जास्त, त्यांना जास्त तास. शहरं साहजिकच वरच्या गटात बसली. खेड्यांत बारा-बारा तास वीज नाही, अशी स्थिती आली.

या सूत्राच्या बाजूनं बोलण्यासारखं आहे, हे मी आधी कबूल करतो. जो पैसे भरतो त्याला वीज, यात चूक काय? आकडे टाकून वीज घेणाऱ्यांना धाक बसायला हवाच. पण समजा, एका फीडरवर शंभर घरं आहेत. त्यातली साठ प्रामाणिकपणे बिल भरतात आणि चाळीस भरत नाहीत. लाईट गेली की ती शंभरही घरांची जाते. साठ जणांना शिक्षा कशाची? तर शेजारी चुकीचा मिळाला याची! आपल्या संस्थेत दोन सभासदांनी मेंटेनन्स थकवला म्हणून आपण अख्ख्या विंगचं पाणी तोडलं नाही.

दुसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. शेतीपंपांच्या कितीतरी जोडण्यांना मीटरच नव्हते. मोटार किती अश्वशक्तीची, त्यावर बिल. तेव्हा शेतीला नेमकी किती वीज गेली आणि वाटेत किती गळली, हा हिशेब बऱ्याच अंशी अंदाजाचाच होता. अंदाजावर गट पडले आणि गटावर तास ठरले.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. तेव्हा मी आठवडाभर नोकरीमुळे मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी असे आणि शनिवार-रविवार इथे. तास वरून ठरून येत. पण कोणत्या फीडरला कोणती पाळी, यात मला थोडी मोकळीक होती. वेळापत्रक करायला बसलो त्या दिवशी बाजारपेठेतले व्यापारी भेटायला आले. म्हणाले, ‘साहेब, संध्याकाळी गिऱ्हाईक असतं, आमची दुपारी बंद ठेवा.’ मी ठेवली. खेड्यांतून कुणी आलं नाही. त्यांना सकाळ-संध्याकाळची पाळी लागली. तासांची बेरीज बरोबर होती, कागद स्वच्छ होता, मी सही केली.

पंधरा दिवसांनी एका गावच्या चार-पाच बायका कचेरीत आल्या. त्यातली एक म्हणाली, ‘साहेब, लाईट असती तवा आम्ही रानात असतो. आम्ही घरी येतो तवा लाईट जाती. गिरणी दुपारी चालू, दळण घेऊन जायचं कुणी? नळाला पाणी दुपारी, भरायचं कुणी?’ आणि शेवटी म्हणाली, ‘पोरगी धाव्वीला हाय.’ मार्च महिना चालू होता.

मी तास मोजले होते. कोणत्या वेळचा तास, ते मोजलं नव्हतं. दुपारी दोनचा तास आणि संध्याकाळी सातचा तास कागदावर सारखा असतो, घरात नसतो. दुसऱ्याच आठवड्यात मी पाळ्या फिरत्या केल्या. बाजारपेठेलाही आठवड्यातून दोन संध्याकाळी सोसाव्या लागल्या. व्यापारी रागावले. पण त्या आधीचा पंधरवडा त्या मुलींना परत देता आला नाही. जो दारात आला त्याचं ऐकलं आणि जो येऊ शकला नाही त्याच्या वाट्याला अंधार आला. ही चूक माझी होती.

तेव्हा मी एक साधा हिशेबही केला. समजा, शहरातल्या एका फीडरवर संध्याकाळी चार मेगावॉट भार आहे आणि गावठाणाच्या एका फीडरवर अर्धा मेगावॉट. गावात काय असतं? दिवे, पंखे, टीव्ही. म्हणजे शहराचा एक फीडर तासभर बंद ठेवला तर जेवढी वीज वाचते, तेवढी वाचवायला आठ गावठाणं तासभर अंधारात ठेवावी लागतात. भार खरा वाढतो तो मोटारींमुळे. मग मोटारी थांबवा, दिवे कशाला विझवता? याच विचारातून पुढे गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे केले गेले. त्याच काळात अक्षय प्रकाश योजनाही आली. गावानं ठरवायचं, संध्याकाळी कुणी मोटार चालवणार नाही, आकडा टाकणार नाही. त्या बदल्यात घरातले दिवे चालू राहतील. ज्या गावांनी हे मनापासून पाळलं तिथं फरक दिसला, कारण तिथे लोकांना विचारलं होतं.

शहरांनीही काही केलं नाही असं नाही. पुण्याचे आपण सगळे गुरुवारचे साक्षीदार आहोत. पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी का, असं नवीन माणूस विचारतो. औद्योगिक वसाहतींची साप्ताहिक सुट्टी वेगवेगळ्या दिवशी ठेवली की भार आठवडाभर वाटला जातो. हीसुद्धा टंचाईची वाटणीच. पण ती आधी ठरलेली, सगळ्यांना माहीत असलेली, म्हणून कुणी तिच्या नावानं बोटं मोडत नाही.

आणि 2006 चा पुण्याचा प्रयोग. इथल्या कारखान्यांकडे स्वतःचे जनरेटर होते. उद्योजकांच्या संघटनेनं, सीआयआयनं, प्रस्ताव मांडला की ऐन गरजेच्या वेळी कारखाने स्वतःचे जनरेटर चालवतील आणि त्यांच्या वाट्याची वीज शहराला मिळेल. डिझेलच्या विजेचा जादा खर्च, महिन्याला 300 युनिटांपेक्षा जास्त वापर असणाऱ्या ग्राहकांनी उचलायचा. वीज नियामक आयोगानं त्याला मान्यता दिली आणि पुणं भारनियमनमुक्त झालं. यात मला आवडलेली गोष्ट अशी की सूट फुकट नव्हती आणि वस्तीतल्या एका खोलीच्या घरावर तिचा बोजा नव्हता. न आवडलेलीही सांगतो. सोमवारी पहाटे मी एसटीनं निघायचो, आणि पुणं मागे पडल्यावर पहिल्याच मोठ्या गावात टपरीवर मेणबत्ती दिसायची. पैसे देऊ शकणाऱ्या शहरानं स्वतःपुरता मार्ग काढला. ज्याच्याकडे जनरेटरही नाही आणि 300 युनिटांचं बिलही नाही, त्याचं काय, याचं उत्तर त्यात नव्हतं.

आता शेतकऱ्याकडे वळतो. शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज पाळीनं मिळते, एक आठवडा दिवसा आठ तास, पुढचा आठवडा रात्री दहा तास. कागदावर रात्रीचे दोन तास जास्त आहेत. पण मध्यरात्री बॅटरी घेऊन दारं धरायला जाणाऱ्याला विचारा. ओल्या सरीत साप असतो, आणि आपल्याच जिल्ह्यात जुन्नरकडे उसात बिबट्या असतो. माझा थोरला भाऊ सत्तरीकडे आलाय, अजून रात्रीच्या पाळीला जातो. 2017 साली सौर कृषी वाहिनीची योजना आली, तिचा मला म्हणूनच भरवसा वाटतो. सूर्य दिवसा असतो, तेव्हा मोटारही दिवसा चालावी.

आणि ही वीज येते कुठून? चंद्रपूर, कोराडी, परळी, कोयना. परळीचं केंद्र 2015 साली पाण्याअभावी थांबवावं लागलं होतं. म्हणजे त्या भागाचं पाणीही आपल्या दिव्यात जळतं. आपल्या शेजारचं मुळशी घ्या. तिथल्या गावांनी जमिनी जाऊ नयेत म्हणून 1921 पासून सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला. धरण झालंच, आणि भिऱ्याची वीज 1927 पासून मुंबईला जाऊ लागली. ज्यांच्या जमिनीवर, कोळशावर, पाण्यावर दिवे लागतात, त्यांचे दिवे आधी विझवायचे, हे निदान त्यांना विचारून तरी व्हावं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. तासांबरोबर वेळही मोजा. संध्याकाळची पाळी फिरती ठेवा आणि शहराचं नाव त्या यादीत असू द्या. शिक्षा फीडरला नको, थकबाकीदाराला करा, त्यासाठी प्रत्येक डीपीवर मीटर बसवा. शहरातल्या रुग्णालयाला सूट असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि गावच्या पाणीयोजनेलाही द्या. जाहीर केलेली वेळ पाळा. सातला लाईट जाणार म्हटल्यावर सातलाच गेली तर बाई सहाला दळण आणते. केव्हाही गेली तर तिचा दिवसच जातो.

2022 च्या एप्रिलमध्ये कोळसा कमी पडला आणि भारनियमन पुन्हा आलं. ते आलं जास्त गळतीच्या फीडरवर, म्हणजे बहुतेकांना पेपरात वाचूनच कळलं. आपली लाईट गेली नाही.

म्हणून संस्थेपुढे दोन सूचना ठेवतो. आपले तिन्ही पंप संध्याकाळी सात ते नऊ चालतात, म्हणजे सगळ्या राज्याची मागणी वाढते नेमक्या त्याच वेळी. ते रात्री दहानंतर लावूया, टाकी तेवढी मोठी आहे. आणि गच्चीवरच्या सौर पॅनेलचा विषय तीन सभा पुढे ढकलला गेलाय, तो येत्या सभेत मार्गी लावूया. याने राज्याचा तुटवडा भरून निघणार नाही, मला माहीत आहे. पण 2005 च्या त्या रात्रीही आपण राज्याचा प्रश्न सोडवायला बसलो नव्हतो. एका माणसाला जिना चढवत नव्हता, तेवढाच सोडवला होता.

या आठवड्यात भावाची पाळी रात्रीची आहे. साडेदहाला तो घरातून निघतो, त्याआधी मला त्याला फोन करायचाय, म्हणून इथेच थांबतो.